मापाला माप कोण लावणार? धर्मादाय संस्था तपासणाऱ्यांचा स्वतःचा आढावा

मोजपट्टी

मच्छरदाण्या वाटणाऱ्या संस्थेला विचारता येतं: किती वाटल्या, किती घरांत त्या टांगल्या गेल्या, मलेरिया किती कमी झाला? पण अशा संस्था तपासून ‘देणगी इथे द्या’ असं सांगणाऱ्या मूल्यमापक संस्थेला काय विचारायचं? तिचा माल म्हणजे तिचं मत. ते बरोबर होतं का हे कळायला तीन-चार वर्षं जातात आणि आढावा मात्र दर वर्षी लिहायचा असतो.

गिव्हवेल ही अशीच एक अमेरिकी मूल्यमापक संस्था डोळ्यांसमोर ठेवून धागा काढतोय, कारण त्यांचे हिशेब, बेत आणि चुका बऱ्यापैकी उघड्यावर असतात. (सुरुवात २००७, संस्थापक होल्डन कार्नोफ्स्की आणि एली हॅसनफेल्ड, दोघेही हेज फंडातून आलेले.) मुद्दे मात्र कुठल्याही मूल्यमापकाला लागू पडावेत.

आढाव्यात दोन गोष्टींची सरमिसळ होते. एक, आम्ही काम किती केलं: अहवाल, भेटी, तपासलेल्या संस्था, हलवलेला पैसा (म्हणजे आमच्या शिफारशीवरून संस्थांकडे गेलेल्या देणग्या). दुसरी, आमचं मत किती वेळा खरं ठरलं. पहिली लिहायला सोपी, म्हणून तीच फुगते. दुसरी लिहायची तर मत आधीच आकड्यात आणि तारखेसकट नोंदलेलं हवं. नाहीतर वर्षअखेरीला मागे वळून पाहताना जे घडलं तेच आपल्याला अपेक्षित होतं असं प्रामाणिकपणे वाटायला लागतं.

म्हणून बेताच्या कागदावर प्रत्येक उद्दिष्टापुढे चार रकाने ठेवावेत: काय होईल, कधीपर्यंत, खात्री किती टक्के, आणि तपासणार कोण. चौथ्या रकान्यात उद्दिष्ट लिहिणाऱ्याचं नाव येता कामा नये. ‘पाण्याच्या क्लोरिनीकरणावरचं संशोधन पुढे नेणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण एक बैठक झाली तरी ते पूर्ण होतं. ‘३० सप्टेंबरपर्यंत दोन देशांसाठी क्लोरिनीकरणाचा खर्च-परिणाम हिशेब पूर्ण, बाहेरच्या दोघांनी तपासलेला, खात्री ६५ टक्के’ हे उद्दिष्ट. चुकलं तर चुकलं म्हणून दिसेल तरी.

जाणकारांनी भर घालावी. विशेषतः ‘हलवलेला पैसा’ या आकड्याचं काय करायचं?

ताळेबंद

तो आकडा फेकून देऊ नका, पण सोलून घ्या. सोलायचे तीन थर.

पहिला थर मोठ्या देणगीदाराचा. २०१५ साली गिव्हवेलच्या शिफारशींवरून सुमारे ११ कोटी डॉलर हलले, त्यातले सुमारे ७ कोटी एकट्या गुड व्हेंचर्स या प्रतिष्ठानाचे होते. दोन्ही एकत्र दाखवले तर आदल्या वर्षीपेक्षा संस्था चौपट वाढल्यासारखी दिसते. म्हणून सर्वांत मोठा देणगीदार वगळून दुसरी ओळ द्यायचीच.

दुसरा थर वर्षाच्या सीमेचा. देणग्यांचा लोंढा डिसेंबरात येतो, धनादेश आणि नोंदी जानेवारीत पोचतात. गिव्हवेलने मोजणीचं वर्ष १ फेब्रुवारी ते ३१ जानेवारी असं केलं, त्यामुळे लोंढा मधोमध तुटत नाही. बारीक गोष्ट आहे, पण हे केलं नाही तर एका वर्षी खोटी घट दिसते आणि पुढच्या वर्षी खोटी वाढ.

तिसरा थर सगळ्यात जाड: हा पैसा एरवी कुठे गेला असता? समजा १ कोटी डॉलर हलले. देणगीदारांना विचारल्यावर कळलं की ४० टक्के पैसा तसाही याच संस्थांना गेला असता. उरलेले ६० टक्के दुसरीकडे गेले असते आणि तिथे त्यांचा उपयोग चौथाई झाला असता. म्हणजे मूल्यमापकाची खरी भर ६० लाखांच्या पाऊणपट, ४५ लाख. मूल्यमापकाचा स्वतःचा खर्च १० लाख असेल तर प्रमाण साडेचारास एक. माहितीपत्रकात मात्र दहास एक छापतात.

शंकासुर

‘एरवी कुठे दिला असता’ या प्रश्नाला देणगीदार खरं उत्तर देतील कशावरून? ज्याच्या शिफारशीवर विश्वास ठेवला त्याला खूश करणारंच उत्तर येणार.

ताळेबंद

येतंच. म्हणून उत्तराला निम्मा करून पाहायचं. वरच्या उदाहरणात ४५ चे साडेबावीस लाख झाले तरी खर्चाच्या दुपटीहून जास्त राहतात, म्हणजे निष्कर्ष टिकतो. निम्म्यावर आणल्याने तो कोसळला असता तर आढाव्यात तसं लिहायचं. प्रश्न विचारायची वेळही महत्त्वाची. देणगी दिल्याच्या आठवड्यात विचारलं तर उत्तर निदान ताजं असतं, वर्षभराने विचारलं तर देणगीदार गोष्ट रचतो.

मागोवा

मोजपट्टी यांच्या दुसऱ्या भागाबद्दल लिहितो. मत खरं ठरलं का हे पाहायला प्रत्येक मोठ्या अनुदानाचा मागोवा घ्यावा लागतो, साधारण दोन ते तीन वर्षांनी. अनुदान देताना केलेल्या स्प्रेडशीटची प्रत गोठवून ठेवायची. त्याच सेलमध्ये नवे आकडे भरायचे नाहीत, शेजारी नवा रकाना. जुना आकडा पुसला गेला की आढावा संपला, हे इतक्यांदा घडतं की वेगळं सांगावंसं वाटलं.

एक काल्पनिक अनुदान घेऊ. मच्छरदाण्यांचं वाटप, मूळ अंदाज असा की तेवढेच पैसे गरिबांना रोख वाटण्याच्या १२ पट फायदा. उंबरठा, म्हणजे मंजुरीसाठी किमान हवा तो फायदा, १० पट, म्हणून मंजूर झालं. तीन ओळी पाहू:

एका मच्छरदाणीमागे एकूण खर्च: अंदाज ५ डॉलर, प्रत्यक्षात ५.६०.
वाटलेल्यांपैकी वापरात असलेल्या: अंदाज ७५ टक्के, प्रत्यक्षात ६८.
कामाची राहिली तो काळ: अंदाज २ वर्षं, प्रत्यक्षात १.७.

एकही ओळ पाहून कोणी घाबरणार नाही. पण गुणाकार केला तर मूळ अंदाजाच्या ६९ टक्केच हातात उरतं. १२ पटाचं झालं ८.३ पट. म्हणजे हे आकडे आधी माहीत असते तर अनुदान नामंजूर झालं असतं. मागोव्यात नेमकं हे एक वाक्य हवं: ‘आज जे कळतंय ते तेव्हा कळलं असतं तर दिलं असतं का?’ हो किंवा नाही. ‘बऱ्याच अंशी यशस्वी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच कळत नाही.

शंकासुर

हिशेब जुळत नाहीये. खर्च १२ टक्क्यांनी जास्त, वापर ७ ने कमी, टिकाऊपणा १५ ने कमी. बेरीज ३४. तुम्ही ३१ टक्के घट दाखवताय.

मागोवा

बेरीज करायची नाही. ५ भागिले ५.६ म्हणजे ०.८९३. ६८ भागिले ७५ म्हणजे ०.९०७. १.७ भागिले २ म्हणजे ०.८५. तिघांचा गुणाकार ०.६८८. शिवाय ७५ वरून ६८ ही ७ टक्क्यांची घट नव्हे, ९.३ टक्क्यांची. ७ हे टक्केवारीतलं नुसतं अंतर झालं. आढावा लिहिताना हे दोन्ही घोटाळे फार होतात, बरं झालं विचारलंत.

शंकासुर

पटलं. चूभूद्याघ्या.

सांख्यिकी_सदाशिव

मागोवा यांच्या उदाहरणात एक गोष्ट राहिली. असे मागोवे बहुतेक वेळा अंदाजापेक्षा खालीच निघतात, आणि दोष वाटप करणाऱ्या संस्थेचा असेलच असं नाही. पन्नास प्रस्तावांचे अंदाज काढले, प्रत्येकात थोडी चूक आहे, आणि त्यातले वरचे पाच निवडले, तर निवडलेल्या पाचांत नशिबाने वर गेलेले जास्त असणार. निवड करण्याच्या कृतीतूनच अंदाज फुगतो. यावर उपाय म्हणजे निवडीआधीच अंदाज नेहमीच्या सरासरीकडे ओढणे. अशा प्रकारच्या कामांचा एरवीचा सरासरी फायदा ३ पट असेल आणि नवा अंदाज १५ पट आला असेल, आणि दोन्हींवर विश्वास सारखाच असेल, तर हिशेबात ९ पट धरायचे. नवा पुरावा कच्चा असेल तर आणखी खाली.

गिव्हवेल जंतनाशक गोळ्यांच्या बाबतीत हे फार कडक करत आलंय. केनियातल्या एका प्रयोगात लहानपणी गोळ्या मिळालेल्यांची मोठेपणीची कमाई जास्त दिसली, पण तो परिणाम पुन्हा कितपत दिसेल याची शंका म्हणून त्याला सुमारे १३ टक्केच वजन दिलं. म्हणजे १०० चा फायदा हिशेबात १३. इतकी कात्री लावूनही २०२२ मध्ये हॅपियर लाइव्ह्ज इन्स्टिट्यूट या दुसऱ्या संशोधन संस्थेने दाखवलं की तो फायदा काळानुसार विरत जातो हे गिव्हवेलने धरलंच नव्हतं. गिव्हवेलने ते मान्य केलं आणि जंतनाशकाची परिणामकारकता १० ते ३० टक्क्यांनी कमी होईल असा अंदाज दिला. बाहेरच्यांना पूर्ण स्प्रेडशीट दिली नसती तर ही चूक सापडण्याचा प्रश्नच नव्हता.

उलटतपासणी

+१. आणि त्याच वर्षी त्यांनी ‘आमचं मत बदलून दाखवा’ अशी बक्षीस स्पर्धाच लावली. खर्च-परिणाम हिशेबांवरची टीका मागवली. अशा स्पर्धेचा फायदा कशात आहे ते नीट पाहा. टीका करणाऱ्याचे तास फुकट मिळत नाहीत, ते विकत घ्यावे लागतात. नुसतं ‘सूचनांचं स्वागत आहे’ लिहिलं तर टंकनाच्या चुका कळवणारी पत्रं येतात.

घरातल्या घरात करायचं तर रेड टीमिंग: ज्याने ते संशोधन केलेलं नाही अशा माणसाला तीन-चार आठवडे मोकळे देऊन एकच काम सांगायचं, ‘ही शिफारस चुकीची आहे असं सिद्ध करून दाखव’. यात तीन गोष्टी बिघडतात.

पहिली, विरोधकाला हिशेब देतात पण हिशेबात न आलेलं विचारायचा हक्क देत नाहीत. मग तो सेलमधली सूत्रं तपासत बसतो. मोठ्या चुका बहुधा हिशेबाच्या बाहेर असतात: सरकार तसंही हा कार्यक्रम चालवणार होतं का, औषधाला प्रतिकार वाढतोय का, क्षेत्रातले लोक काय म्हणतात.

दुसरी, सापडलेल्या मुद्द्यांना मोठा-छोटा असा दर्जा न लावता यादी लावतात. प्रत्येक मुद्द्यापुढे ‘अंतिम आकडा किती टक्के हलेल’ हे लिहायलाच लावा. वीसपैकी सतरा मुद्दे २ टक्क्यांच्या आत निघतात. मग उरलेल्या तिघांवर वेळ घालवता येतो.

तिसरी, मूळ संशोधकच उत्तर देतो आणि तोच निवाडाही करतो. आपला तो बाब्या. निवाडा तिसऱ्याने करायचा.

नवा_भिडू

खात्रीची टक्केवारी लिहून ठेवायची म्हणता, पण ६५ टक्के म्हटलं आणि झालं नाही तर चूक कुणाची? ३५ टक्के शक्यता तर आधीच सांगितली होती. हे कसं पकडणार?

सांख्यिकी_सदाशिव

एका अंदाजावरून पकडता येतच नाही. ढीग लागतो. गिव्हवेल अनुदानाच्या पानावर असे अंदाज तक्त्यात देतं, टक्केवारी आणि तारखेसकट, आणि काही वर्षांत ढीग साठतो.

समजा ‘७० टक्के खात्री’ असं लिहिलेले ४० अंदाज निकाली निघाले आणि त्यातले २२ खरे ठरले. खरे ठरायला हवे होते साधारण २८. म्हणजे ७० म्हणताना खरी खात्री ५५ ची होती. आता ब्रायर गुण, म्हणजे अंदाज किती चुकले याचं माप, काढा: खऱ्या ठरलेल्यांना ०.३ चा वर्ग म्हणजे ०.०९, खोट्या ठरलेल्यांना ०.७ चा वर्ग म्हणजे ०.४९. २२ गुणिले ०.०९ म्हणजे १.९८, १८ गुणिले ०.४९ म्हणजे ८.८२. बेरीज १०.८, भागिले ४०, उत्तर ०.२७. हा गुण जितका कमी तितका चांगला. आणि डोळे मिटून प्रत्येक वेळी ५० टक्के म्हणणाऱ्याला ०.२५ मिळतात! म्हणजे या गटाने विचार करून नाणं उडवण्यापेक्षा वाईट काम केलं.

दोन सावधगिऱ्या. अंदाज निकाली कसा काढायचा तो नियम अंदाजासोबतच लिहा; ‘कार्यक्रम नीट चालेल’ याचा निकाल कोणीच लावू शकत नाही. आणि हे गुण पगारवाढीला जोडू नका. जोडले की लोक ९९ टक्के खात्रीचे सोपे अंदाज लिहायला लागतात.

नवा_भिडू

नाण्याचं उदाहरण झकास. धन्यवाद.

ताळेबंद

चुकांच्या पानाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून. गिव्हवेलचं ‘आमच्या चुका’ हे पान वाचण्यासारखं आहे, कारण त्यात लाज वाटावी अशाही नोंदी आहेत. २००७ च्या अखेरीस एका संस्थापकाने ओळख लपवून एका चर्चास्थळावर स्वतःच्याच संस्थेची शिफारस केली होती. संचालक मंडळाने दंड केला, पद खाली आणलं, आणि तो प्रकार आजही त्या पानावर आहे.

संशोधनातली शिकण्यासारखी नोंद व्हिलेजरीचची. मोझांबिकच्या एका प्रांतात लस पोचवण्याची साखळी या संस्थेने सुधारली, लसीकरण वाढलं, गिव्हवेलने तिला अव्वल ठरवलं. २०१२ मध्ये तीच आकडेवारी पुन्हा उघडली तेव्हा लक्षात आलं की कार्यक्रम नसलेल्या भागातही लसीकरण वाढलेलं होतं. मूळ आकडेवारी तीच होती, प्रश्न नवा होता.

मागोवा

याच जातीचं दुसरं उदाहरण २०११ चं. जंतनाशकावर खर्च किती येतो यासाठी सगळे ज्याचा आधार घेत होते तो ‘डिसीज कंट्रोल प्रायॉरिटीज’ या आरोग्य-उपायांच्या खर्चावरच्या अहवालातला आकडा होता ३.४१ डॉलर. (निरोगी आयुष्याचं एक वर्ष वाचवायला, मातीतून पसरणाऱ्या जंतांच्या बाबतीत.) गिव्हवेलने मूळ स्प्रेडशीट मागवून उघडली तर एक नाही, पाच वेगवेगळ्या चुका निघाल्या. दुरुस्त केल्यावर आकडा आला ३२६.४३ डॉलर. जवळजवळ शंभरपट.

पुढच्या वर्षाचा बेत करताना यातून एक कलम निघतं: ज्या पाच बाहेरच्या आकड्यांवर आपला सर्वांत जास्त पैसा उभा आहे त्यांची मूळ गणितं उघडायला तास राखून ठेवा. पाचच. सगळे उघडायला गेलात तर एकही होणार नाही. कुठले पाच? प्रत्येक आकडा दुप्पट आणि निम्मा करून पाहा. ज्याने मंजुरीचा निर्णय उलटतो तो यादीत वर.

शंकासुर

चुका जाहीर करणं ही पण एक जाहिरातच झाली ना? ‘पाहा आम्ही किती प्रामाणिक.’

उलटतपासणी

होऊ शकते. ओळखायची खूण सोपी आहे. नोंदीत चूक कधी झाली, कधी कळली, कोणाला कळली, त्यावर किती पैसा गेला आणि नंतर कामाची कुठली पद्धत बदलली, ही पाच उत्तरं आहेत का पाहा. शेवटचं उत्तर ‘यापुढे अधिक काळजी घेऊ’ असेल तर ती जाहिरात.

शिवाय अशुभ निकाल आल्यावर काय केलं तेही पाहा. बांगलादेशात कामाच्या टंचाईच्या हंगामात गरिबांना शहरात कामाला जाण्यासाठी प्रवासखर्चाचं कर्ज देणारा ‘नो लीन सीझन’ हा कार्यक्रम २०१७ मध्ये शिफारशीच्या यादीत आला. मोठ्या प्रमाणावरच्या प्रयोगात लोकांचं स्थलांतर आणि उत्पन्न वाढलेलं दिसलं नाही. तेव्हा २०१८ मध्ये तो चालवणाऱ्या एव्हिडन्स अ‍ॅक्शनने आणि गिव्हवेलने मिळून तो यादीतून काढला आणि २०१९ मध्ये एव्हिडन्स अ‍ॅक्शनने तो बंदच केला. चाचणी चालू असतानाच शिफारस करायची असेल तर ‘निकाल अमुकच्या खाली आला तर काढू’ हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

नियोजक

आढाव्यावर बरंच झालं, पुढच्या बेताबद्दल लिहितो. मूल्यमापकाला तीन गोष्टी एकमेकींशी जुळवायच्या असतात: पैसा किती येणार, तो घालायला उंबरठ्यावरच्या जागा किती सापडणार, आणि त्या शोधायला माणसं किती. तिन्हींचा वेग वेगळा. पैसा एका पत्राने वाढतो किंवा आटतो. जागा शोधायला दीड-दोन वर्षं. माणूस भरती करून स्वतंत्रपणे काम करू लागेपर्यंत वर्ष.

२०२१-२२ मध्ये हे कसं बिनसलं ते पाहा. २०२१ च्या अखेरीस गिव्हवेलचा अंदाज होता की पैसा भराभर वाढेल. २०२५ पर्यंत वर्षाला १०० कोटी डॉलर परिणामकारकपणे वाटायचे असं लक्ष्य ठेवलं. त्या वर्षी घालायला पुरेशा चांगल्या जागा नाहीत म्हणून सुमारे ११ कोटी डॉलर पुढच्या वर्षात ओढायचं ठरवलं. ओपन फिलान्थ्रॉपी या मोठ्या देणगीदार संस्थेने २०२२ साठी ५० कोटींचा तात्पुरता बेत सांगितला होता. पुढे बाजार पडला, तो आकडा ३५ कोटींवर आला. आणि नेमक्या त्याच वेळी शोधून ठेवलेल्या जागा वाढल्या. मग उंबरठा रोख वाटपाच्या ८ पटीवरून १० पटीवर नेला. वर्षाच्या आत ‘पैसा जास्त, जागा कमी’ वरून ‘जागा जास्त, पैसा कमी’.

मोजपट्टी

म्हणजे अंदाज चुकला हे खरं, पण त्या अंदाजावर काय बांधलं होतं हे जास्त महत्त्वाचं. भरती त्या अंदाजावर झाली असेल तर ती मागे घेता येत नाही.

नियोजक

बरोबर. म्हणून प्रत्येक खर्चाला ‘मागे घेता येतो का’ असा शिक्का मारून बेत करावा. उंबरठा एका बैठकीत बदलता येतो. अनुदानाचं वचन तीन वर्षांचं असेल तर नाही. पगारी माणूस त्याच्या मधे. मी पैशाचे तीन अंदाज ठेवतो: जो ९० टक्के खात्रीने येईल, जो येण्याची शक्यता निम्मी, आणि जो १० टक्केच शक्य आहे. पगार आणि बहुवर्षीय वचनं पहिल्यावर, नवीन संशोधनाची व्याप्ती दुसऱ्यावर. तिसऱ्यासाठी फक्त ‘आलाच तर कुठे घालू’ अशी यादी.

स्वतःच्या खर्चाची गंगाजळी हा आणखी एक विषय. मूल्यमापकाकडे वर्षभराच्या खर्चाहून फार जास्त साठा नको, नाहीतर जो पैसा मच्छरदाण्यांना गेला असता तो आपल्याच बँकेत पडून राहतो. गिव्हवेल ठरावीक मर्यादेवरचा साठा अनुदानात वळवतं. दुसरा नियम असा की संचालनाच्या खर्चातला २० टक्क्यांहून जास्त भाग एकाच देणगीदाराकडून घ्यायचा नाही. याचं कारण उघड आहे. निम्मा पगार जो देतो त्याच्या आवडत्या संस्थेला नापास करणं अवघड जातं.

सांख्यिकी_सदाशिव

भर: पैसा उभारायला माणूस घ्यायचा की संशोधनाला, हे ठरवायलाही गणित आहे. वर्षाला १० कोटी डॉलर हलत असतील आणि चांगल्या संशोधनाने निवड ५ टक्क्यांनी सुधारली, तर ती ५० लाख डॉलर जास्त उभारल्यासारखीच आहे. वर्षाला १० लाखच हलत असतील तर तेच ५ टक्के म्हणजे ५० हजार, त्यात एका माणसाचाही पगार निघत नाही. म्हणून छोट्या मूल्यमापकाने दुसऱ्याच्या संशोधनावर उभं राहून आधी पोच वाढवावी आणि मोठ्याने खोली, असं माझं मत.

उलटतपासणी

तुमच्या मताशी अर्धा सहमत. छोट्याने दुसऱ्यावर उभं राहायचं आणि त्या दुसऱ्याच्या आकड्यात शंभरपट चूक असली तर? वरचं ३.४१ डॉलरचं उदाहरण तेच सांगतं.

सांख्यिकी_सदाशिव

मान्य. पाच आकडे उघडायचं कलम छोट्यालाही लागू धरा.

नवा_भिडू

वर्षाच्या मधेच जग बदललं तर बेताचं काय? २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तसं.

नियोजक

तेव्हा दोन गोष्टी एकदम झाल्या. तातडीच्या जागा उघडल्या, आणि जुने हिशेबही बिघडले. कारण ‘आम्ही दिलं नाही तर दुसरं कोणी देईल’ याची शक्यता प्रत्येक देशासाठी बदलली. आधी २० टक्के शक्यता धरली असेल आणि ती शून्यावर आली, तर तेच अनुदान ०.८ वरून १ झालं, म्हणजे पाव हिश्शाने जास्त मोलाचं. उलट, ज्या कार्यक्रमाची गोदामं आणि आरोग्यसेवक दुसऱ्याच्या पैशावर चालत होते तो आपला पैसा असूनही अडकतो.

व्यवहारात उपाय एवढाच: संशोधकांचे १५-२० टक्के तास बेतात मोकळे ठेवायचे. आणि मधे काही घुसवलं तर त्यासाठी काय टाकलं हे त्याच दिवशी लिहायचं. वर्षअखेरीला ‘हे उद्दिष्ट का झालं नाही’ याची दोनच कारणं असतात, जमलं नाही किंवा मुद्दाम सोडलं. त्या दिवशीची नोंद नसेल तर सगळीच ‘मुद्दाम सोडली’ होतात. अवांतर: मोकळे तास कोरे ठेवायला व्यवस्थापकाला फार जड जातं, मार्चपर्यंत ते भरलेले असतात.

शंकासुर

एक शेवटची शंका. मागोवा, रेड टीमिंग, अंदाज, सगळं मंजूर केलेल्या अनुदानांबद्दल चाललंय. ज्यांना नकार दिला त्यात चूक झाली असेल तर ती कळणार कशी? तिथून तर पुढे काही आकडेवारीच येत नाही.

मागोवा

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो. तीन वाटा आहेत.

एक, नकार देताना कारणाचा शिक्का मारायचा: पुरावा कमी, खर्च जास्त, संस्थेत आणखी पैसा पचवायची ताकद नाही, की आम्हाला वेळ नाही. शेवटची दोन कारणं काळाने बदलतात, म्हणून त्यांच्यापुढे पुन्हा पाहायची तारीख. मच्छरदाण्या पुरवणारी अगेन्स्ट मलेरिया फाउंडेशन ही संस्था पैसा पचवण्याच्या याच कारणाने २०१३ मध्ये यादीतून बाहेर गेली, हातातला पैसा वाटपाच्या करारांत वेळेवर लागत नव्हता म्हणून, आणि २०१४ च्या अखेरीस परत आली. पुरावा तोच होता.

दोन, नाकारलेल्यांपैकी काहींना दुसरा कोणी पैसा देतो. त्यांचे निकाल मागवायचे. फुकटची चाचणी आहे.

तीन, दर वर्षी नकारांच्या यादीतून चिठ्ठी टाकून चार-पाच काढायचे आणि ज्याने आधी पाहिलं नव्हतं अशा माणसाकडून जुना निकाल न दाखवता पुन्हा तपासून घ्यायचे. चिठ्ठीनेच काढायचे, ‘मनात राहून गेलेले’ नाही, कारण मनात राहिलेले आधीच उंबरठ्याजवळचे असतात.

शंकासुर

आणि पाचपैकी दोन उलटे निघाले तर?

मागोवा

तर पाचावरून निष्कर्ष काढायचा नाही, आणखी पंधरा काढायचे. त्यातही तेच प्रमाण दिसलं तर पुढच्या वर्षीच्या बेतात नवीन शोध अर्ध्यावर आणून जुन्या नकारांना तास द्यायचे.

मोजपट्टी

हे कलम मूळ धाग्यात चौथ्या रकान्याच्या खाली घालतोय.